तांबडीचा बार

परळ, मुंबई
११ डिसेंबर १९५५

श्याम,

जयभीम. तब्येत विचारत नाही, विलायतेत लोणी खाऊन गुटगुटीत झाला असशील. मुद्द्याचं ऐक. तांबडी उभी राहिली!

विटांवर नाही रे, स्वतःच्या दोन चाकांवर. तुझ्या अप्पांनी रे रोडच्या लाकडाच्या वखारीत कोपरा मिळवून दिला नसता तर जमलंच नसतं. लष्कराच्या भंगारातल्या दोन मोटारसायकली कापल्या, एकीची मान दुसरीच्या कमरेला जोडली, आणि टाकी मी स्वतः वाळूच्या पोत्यावर पत्रा ठोकून काढली. अंगठ्याचं नख गेलं. पण रंग असा चढलाय की वखारीतले हमाल येता-जाता तिच्यात तोंड बघून भांग पाडतात.

कुणाला सांगितलं तर हसतील. दोन शिकलेसवरलेले इंजिनिअर, आणि लढाईच्या आधी एकदा पाहिलेल्या शर्यतीच्या गाडीची नक्कल करत बसलेत! हसू देत. जुहूच्या वाळूत ती गाडी पळाली तेव्हा तू अप्पांचं बोट धरून दोरीच्या आत होतास, मी मामाच्या खांद्यावर दोरीच्या बाहेर. दोघांच्या डोक्यात शिरली ती एकच लाल टाकी. कॉलेजात पहिल्या दिवशी हे कळलं तेव्हा तू डब्यातला अर्धा पापलेट माझ्याकडे सरकवलास. तेव्हापासूनच आपण ही गाडी बांधतोय असं मी धरतो.

आता दोन गोष्टी. एक, तिथल्या त्या म्हाताऱ्याकडे खरी गाडी आहे ना, तिचा स्पार्क नेमका केव्हा पडतो ते मोजून कळव. दुसरं, मी म्हणतो एक छोटासा सायलेन्सर लावू या. इथली हवा बरी नाही. फ्लोरा फाउंटनला गोळीबार झाल्यापासून लोक कावरेबावरे झालेत. खाली कुणाच्या हातून डबा पडला तरी चाळीच्या गॅलऱ्या माणसांनी भरतात.

सुंदरामावशी विचारत होती, गिरगावचा पाहुणा परत कधी येणार म्हणून. तिच्या खानावळीत अख्खी रात्रपाळी जेवते, पण सुकटीवर तुझ्यासारखा तुटून पडणारा कोणी नाही म्हणते. आणि तळमजल्यावरचा कोंडीरामदादा, पोलिसातला, मला रोज दम देतो, "दत्ता, लायसन काढ, नाहीतर पहिला मीच धरीन तुला."

दत्ता


कॉव्हेंट्री
३० डिसेंबर १९५५

दत्ता,

तुझं पत्र एवढ्या मोठ्याने वाचलं की घरमालकिणीने दार ठोठावून विचारलं, आत कोण आलंय. लोणीबिणी काही नाही बाबा. उकडलेला बटाटा, आणि तोंडी लावायला बटाटा. मावशीला सांग, सुकट तव्यावर टाकल्याचा नुसता वास पाकिटात भरून पाठव.

सायलेन्सर? विचारायला लाज कशी वाटली नाही तुला? दर शनिवारी मी बस पकडून त्या म्हाताऱ्याच्या गावी जातो, कोंबड्या हाकलत त्याच्या पडवीत शिरतो, बोटं बधिर होईपर्यंत मापं घेतो, ते काय तू तिच्या तोंडाला फडकं बांधावंस म्हणून? नक्कल करायची तर तंतोतंत करायची. सायलेन्सर हवा असेल तर स्कूटर घे आणि मागे बायको बसव. पाइप उघडाच ठेव. ती ओरडली पाहिजे. लोक दोन दिवस दचकतील, मग टाळ्या वाजवतील.

स्पार्कचं माप लिहून घे. पिस्टन पार वर पोचायच्या एक सूत आधी, म्हणजे इंचाचा आठवा भाग. प्लगच्या भोकातून सायकलचा स्पोक घाल, त्यावर खूण कर, आणि स्पार्क पाडणारा मॅग्नेटो तिथेच आवळून टाक. मी स्वतः मोजलंय, शंका काढू नकोस.

पहिली फेरी वरळीला मार. समुद्राच्या कडेकडेने कोळीवाड्यापर्यंत. मी इथे डोळे मिटून मागे बसल्यासारखा बसतो.

तुझा, बटाट्यांवर जगणारा,
श्याम


परळ
२७ जानेवारी १९५६

श्याम,

जयभीम. तिकडच्या पेपरात आलंच असेल. मुंबई महाराष्ट्राला द्यायची नाही म्हणाले आणि इथे आग लागली. लालबाग, परळ, गिरगाव, सगळीकडे गोळ्या चालल्या. अप्पा सुखरूप आहेत, मी स्वतः जाऊन पाहून आलो. किती मेले याचा पत्ता नाही. आमच्या मिलच्या फाटकाबाहेरची रक्ताची जागा अजून कुणी ओलांडत नाही, बाजूने जातात.

आमच्या चाळीवरही गोळीबार झाला. कर्फ्यू उठला त्या सकाळी. मी बोळाच्या तोंडाशी होतो, तेवढ्यात दोन बार झाले. गॅलऱ्यांमधली माणसं जिन्याकडे धावली. सुंदरामावशी आमटीचं पातेलं घेऊन जिना उतरत होती, ती लोंढ्याखाली आली. उजवं मनगट मोडलं, पाय भाजला. ज्या हाताने ती भाकऱ्या थापते तोच हात. डॉक्टर म्हणतात, वाकडा राहील.

रस्त्यावर मी एकटाच होतो म्हणून सगळ्यांनी मला विचारलं. चळवळीचं काम बघणारा बुधाजी आहे ना आमच्या चाळीतला, त्याने दोन्ही खांदे धरून विचारलं, कुठून आली गोळी? मी नाक्याकडे दाखवलं. तिथे पोलिसांचा पहारा होता. पहाऱ्यावर नेमका कोंडीरामदादा होता. लोक म्हणतात त्यानेच झाडली.

भिंतीला गोळीचं भोकही सापडलंय. बायका त्याला हळदकुंकू लावतात.

तांबडी चालते. बाकी काही विशेष नाही.

दत्ता


कॉव्हेंट्री
२८ जानेवारी १९५६

दत्ता,

मुंबईच्या बातम्या वाचून जीव थाऱ्यावर नाही. तुझं पत्र अजून नाही. ते येईपर्यंत थांबत नाही, कारण हे आधी सांगायला हवं. तांबडीला किक मारली नसशील तर मारू नकोस.

मी दिलेलं माप चूक आहे. गाडीच्या हँडलवर स्पार्क लवकर-उशिरा करायची एक कांडी असते. म्हातारा ती कायम उशिराच्या बाजूला ठेवतो, किक उलटी बसू नये म्हणून. मी तशीच ठेवून मोजलं. खरं माप एक सूत नाही, चार सूत आहे. माझ्या मापावर लावलीस तर स्पार्क फार उशिरा पडेल, सिलिंडरात जळायचं पेट्रोल पाइपात जाऊन जळेल, आणि ती फटाके मारेल. साधे नाहीत, बंदुकीसारखे. त्यात पाइप उघडा ठेव म्हणणारा शहाणाही मीच.

हे मला नव्या वर्षाच्या पहिल्याच शनिवारी कळलं. त्याच संध्याकाळी लिहायला हवं होतं. पण "शंका काढू नकोस" असं तोऱ्यात लिहून बसलो होतो ना! लाज वाटली. म्हटलं, तू कान लावूनच ओळखशील. रोज उद्यावर ढकललं. शिव्या दे, पण गाडी चालू करू नकोस.

श्याम


कॉव्हेंट्री
७ फेब्रुवारी १९५६

दत्ता,

तुझं पत्र आलं तेव्हा खोलीत आमची चार-पाच मराठी पोरं जमली होती. मी ते मोठ्याने वाचलं. मावशीच्या हाताचं वाचलं तेव्हा एक जण रडला. सगळे उठून उभे राहिले. मी छाती फुगवून म्हटलं, हा माझा दोस्त, याने डोळ्यांनी पाहिलंय. त्यांनी तिथल्या तिथे इथल्या पेपराला पत्र लिहिलं, प्रत्यक्षदर्शी म्हणून तुझं नाव घालून. टाकलंसुद्धा.

ते गेल्यावर मी कपबशा विसळत होतो. तेव्हा एकदम डोक्यात आलं.

तांबडी चालते, असं तू लिहिलंस. पहिल्यांदा कधी चालवलीस? कुठून कुठे? तुझ्या पत्रात तिच्याबद्दल दोन शब्द आहेत. दोन वर्षं जिच्यापायी झोपला नाहीस, तिच्या पहिल्या फेरीबद्दल दोन शब्द?

दत्ता, ते बार कसले होते?

श्याम


परळ
२० फेब्रुवारी १९५६

श्याम,

तुला कळलंय. मग विचारतोस कशाला?

बरं, ऐक. कुणाला तरी सांगितल्याशिवाय आता घास उतरत नाही, आणि घास तर मावशीच्याच घरचा.

कर्फ्यू उठला त्या सकाळी मी वखारीत गेलो. डोकं फिरलं होतं. आठवडाभर खोलीत कोंडून होतो, बाहेर नुसत्या गोळ्या आणि रडारड. म्हटलं एक चांगली गोष्ट तरी होऊ दे. किक मारली. श्याम, पहिल्याच किकला उठली रे! रस्ते रिकामे. रे रोडवरून सुटलो तो थेट परळ. डोळ्यांतून पाणी येत होतं, वाऱ्याने की कशाने माहीत नाही. गरम जरा जास्त होत होती, पाइप तांबडालाल झाला होता, पण थांबायचं कोण? म्हटलं मावशीला दाखवू. तिने हसून म्हणावं, मेल्या, हीच का ती तुझ्या होणाऱ्या बायकोची सवत.

कोळशाच्या दुकानाच्या वळणावर पेट्रोलची मूठ सोडली आणि पाइपातून जाळ निघाला. धाड! धाड! चाळीच्या दोन भिंतींमध्ये तो आवाज असा घुमला की मीच खाली वाकलो. गाडी बंद पडली. वर कुणीतरी ओरडलं, "गोळीबार!" आणि मग जिन्यात ते पायांचे आवाज, आणि पातेलं पडल्याचा आवाज, आणि मावशीची किंकाळी.

मी काय केलं सांगू? मी आधी गाडी लपवली. दुकानामागे ढकलली, वर पोतं टाकलं, आणि मग धावलो. मावशी खाली विव्हळत होती तेवढा वेळ मी पोतं नीट करत होतो.

बुधाजीने खांदे धरून विचारलं, तेव्हा तोंड उघडलंच नाही. बोट मात्र उठलं. नाक्याकडे कोण आहे हेही मी पाहिलं नव्हतं, शपथ. कोंडीरामदादा तिथे होता, खांद्याला बंदूक अडकवून. तो बिचारा मावशी पडली म्हणून धावत येत होता. लोकांनी त्याला दगड मारले.

तो सांगत सुटला, माझी काडतुसं मोजून घ्या. कोण मोजतो? ज्यांची माणसं खरोखर गोळीने मेली आहेत त्यांना काडतुसं मोजायला सांगायची? त्याच्या घराशी आता कुणी बोलत नाही. त्याची बायको, राधावहिनी, खाली मान घालून जाते-येते. भिंतीतलं ते भोक जुन्या खिळ्याचं आहे, मीच लहानपणी त्यावर पतंग टांगायचो. आता त्याला हार आहे. मावशीचा सत्कार झाला, शाल दिली. मला तिच्या शेजारी बसवलं आणि सांगायला लावलं. मी सांगितलं. दुसऱ्यांदा तर बरंच रंगवून सांगितलं.

तुझं चार सुतांचं पत्र त्या सत्काराच्या दिवशीच आलं.

काय करू, सांग. तू म्हणशील तसं करीन.

दत्ता


कॉव्हेंट्री
४ मार्च १९५६

दत्ता,

चूक माझी. माप माझं, उघडा पाइप माझा, उशिरा टाकलेलं पत्र माझं. हे आधी लिहून मोकळा होतो.

तरी सांगतो, गप्प राहा. विचार कर. शहरात माणसं खरंच गोळ्यांनी मेली. तू उठून म्हणालास की आमच्या चाळीतला गोळीबार म्हणजे मोटारसायकलचा फटाका, तर उद्या सगळे म्हणतील, बघा, यांचे सगळेच गोळीबार असले. खऱ्या मेलेल्यांवर पाणी पडेल. मावशीची शाल लोक काढून घेतील. तुला आत टाकतील किंवा चाळीतलेच तुडवतील. आणि अप्पा गिरगावात समितीच्या कामात आहेत, त्यांना तोंड दाखवायला जागा राहणार नाही. त्यांना तर कळूच देऊ नकोस.

कोंडीरामदादांचं वाईट वाटतं. पण ते पोलिसात आहेत, चार दिवस बोलणी खातील. लोक विसरतात.

हे सगळं बरोबर आहे. तीनदा तपासून पाहिलं. तरी पत्र टाकायला उठवत नाही, म्हणून आता कोट घालून उभ्यानेच पाकीट बंद करतोय.

श्याम


परळ
२० डिसेंबर १९५६

श्याम,

जयभीम. तुझी चार पत्रं आली, मी एकाचंही उत्तर दिलं नाही. तू म्हणालास तसा गप्प राहिलो. गप्प राहायला लागला की सगळ्यांशीच गप्प होतो माणूस.

बाबासाहेब गेले. त्या गर्दीचं काय लिहू, मला लिहिता येत नाही. मग दादरला दीक्षा झाली. पांढरी साडी नेसून मावशी माझ्या शेजारी उभी होती, वाकडं मनगट दुसऱ्या हाताला जुळवून. पंचशील म्हणायला सुरुवात झाली. पहिली तीन मी म्हटली. चौथं खोटं न बोलण्याचं. श्याम, माझ्या तोंडातून आवाजच निघेना. आजूबाजूला हजारो माणसं म्हणतायत आणि मी मुका. पाचवं म्हटलं मग. ते दारूचं होतं, ते सोपं होतं.

परतताना मावशी म्हणाली, "दत्ता, चौथ्याला का रे दातखीळ बसली?" तिचं लक्ष होतं. रस्त्यात तिथेच सगळं सांगून टाकलं.

तिने डाव्या हाताने फाडकन कानाखाली वाजवली. मला वाटलं मनगटासाठी. ती म्हणाली, "मेल्या, हात माझा मोडला, तो माझं मी बघते. कोंडीरामाच्या बायकोचं काय केलंस?" आणि मग ती फुटपाथवर बसली आणि सांगायला लागली, जे मला चाळीत राहून माहीत नव्हतं, कारण नळावर मी कशाला जातो? बायकांनी राधावहिनीला नळावर हंडा लावू दिला नाही. महिनोन् महिने. ती पहाटे दुसऱ्या चाळीत जाऊन पाणी आणायची. "एकदा ती आमच्या रांगेत आली," मावशी म्हणाली, "तर तिचा हंडा मीच उचलून बाजूला ठेवला. ह्या हाताने. आपण पाणी अडवलं, दत्ता. आपण! आपल्यातल्या बाईचं!" एवढी रडली की लोक थांबून बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं बुधाजीकडे गेलो. त्याने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "दत्ताभाऊ, पोलिसांनी तुला फोडलं." मावशीला म्हणाला, "तुम्हाला पोराची माया." गाडी दाखवतो म्हटलं तर म्हणे, फटाका आणि गोळी आम्हाला कळत नाही काय?

कोंडीरामदादा चाळ सोडून कधीच गेला होता. पत्ता काढून अँटॉप हिलच्या सरकारी खोल्यांत गेलो. वहिनी दारात होती, मला बघून आत गेली. दादा बाहेर आला. मी पायांवर पडायला वाकलो तर त्याने दंड धरून वर ओढलं. म्हणाला, "मला माहीत आहे."

त्याने पाहिलं होतं रे. नाक्यावरून वळण सरळ दिसतं. पाइपातला जाळ, मी गाडी ढकलताना, पोतं टाकताना, सगळं. मी म्हटलं, मग बोलला का नाहीस? तो म्हणाला, "संध्याकाळी साहेबाने विचारलं, बार कुणी केले. कर्फ्यूचे दिवस. तुझं नाव घेतलं असतं तर तुला उचलून नेलं असतं, आणि त्या दिवसांत उचलून नेलेल्याचं काय होत होतं ते मला ठाऊक. लॉरीचा टायर फुटला असं लिहून दिलं. मग चाळीत वेगळं कसं सांगू?"

मी याच्याकडे बोट दाखवलं, श्याम. आणि हा माझ्यासाठी टायर फोडून बसला.

"हे सगळं बरोबर आहे" म्हणून तू लिहिलेल्या सगळ्या गोष्टी मी त्याच्या दारात उभा राहून आठवून पाहिल्या. एकही तोंडात आली नाही.

दत्ता


कॉव्हेंट्री
१ जानेवारी १९५७

दत्ता,

ते पत्र मी लिहायला नको होतं. "लोक विसरतात" हे मी ज्या हाताने लिहिलं तो हात खिशात घालून हिंडतोय. इथे कुणी नळावर माझा हंडा अडवत नव्हतं, म्हणून सुचलं.

फटाका आणि गोळी कळते म्हणतात ना? मग ऐकव त्यांना. मॅग्नेटो परत माझ्या चुकीच्या मापावर लाव, एक सूत. त्याच वळणावर, सगळ्यांसमोर, दिवसाउजेडी. आधी सांगून ठेव म्हणजे कुणी पडणार नाही. आणि सोबतचा कागद वाचून दाखव. त्यात माझं नाव, अप्पांचं नाव आणि गिरगावचा पत्ता सगळं आहे. माप मी चुकवलं आणि गप्प राहायला मीच सांगितलं, असं स्पष्ट लिहिलंय. इथल्या पेपरालाही लिहिलं की तुमच्या प्रत्यक्षदर्शीची साक्ष चूक होती. पोरांनी माझ्याशी बोलणं टाकलंय. अप्पांना वेगळं पत्र टाकलं. उत्तर काय येईल त्याची भीती वाटते.

मी मार्चमध्ये परततोय.

श्याम


परळ
३ फेब्रुवारी १९५७

श्याम,

जयभीम. झालं. सगळं सांगतो.

तुझे अप्पा आदल्या रविवारी आपणहून चाळीत आले. तुझं पत्र हातात होतं. मला ओलांडून सरळ बुधाजीकडे गेले आणि म्हणाले, "पोराला गाडी चालू करू द्या. मीही ऐकायला येतो." समितीचा म्हातारा माणूस म्हणतोय म्हटल्यावर बुधाजीला नाही म्हणवेना.

आज सकाळी सगळी चाळ गॅलऱ्यांत उभी होती. मावशी मजल्या-मजल्यावर जाऊन सांगून आली होती, बार होणार आहे, कुणी पळायचं नाही, पोरांना घट्ट धरा. मी तुझा कागद वाचला. कुणीतरी वरून शिवी घातली, तुला की मला कळलं नाही.

कोंडीरामदादाला मी हात जोडून बोलावलं होतं. येईल असं वाटलं नव्हतं. साध्या धोतर-सदऱ्यात आला, आणि मी सांगितलं तसा नाक्यावर जाऊन उभा राहिला, जिथे त्या दिवशी पहाऱ्याला होता तिथेच. वहिनी आली नाही.

किक मारली. पाइप तापेपर्यंत वखारीच्या रस्त्याने दोन फेऱ्या मारून आलो, वळणावर आलो, आणि मूठ सोडली.

धाड! धाड!

श्याम, सगळे पळाले. सांगून ठेवलेलं, समोर गाडी दिसत होती, तरी पळाले. पोरं किंचाळली. एक बाई कान धरून खालीच बसली. अप्पांनी भिंतीला हात टेकला. इतकं भिनलंय ते लोकांच्या अंगात. आणि पळता पळता सगळ्यांच्या माना आपोआप नाक्याकडे वळल्या, त्या दिवसासारख्याच. तिथे कोंडीरामदादा उभा होता, दोन्ही हात मोकळे, तळवे समोर धरून.

फक्त मावशी हलली नव्हती. जिन्याच्या त्याच पायरीवर उभी होती. म्हणाली, "हाच. हाच तो आवाज. माझ्या कानात वर्षभर आहे." बुधाजी भिंतीपाशी गेला, हार काढला आणि बराच वेळ त्या भोकात करंगळी घालून उभा राहिला. मला वाटलं होतं मारतील. कुणी मारलं नाही. मारलं असतं तर बरं वाटलं असतं. मी तिथे नसल्यासारखा एकेक जण माझ्या पलीकडे बघत आत गेला.

मग मावशी नळावर गेली. पेला घासला, भरला, आणि नाक्यापर्यंत चालत गेली. वाकड्या हाताने पेला पुढे करून म्हणाली, "कोंडीराम, चुकलो रे आम्ही. पाणी घे." चाळीतल्या सगळ्या बायका बघत होत्या. दादाने पेला हातात घेतला. तोंडाला लावेल असं वाटलं. मग परत तिच्या हातात दिला, अगदी हळू, सांडू नये असा. म्हणाला, "मावशी, राग नाही. पण राधेनं सांगून पाठवलंय, चाळीत पाणी पिऊ नको म्हणून. तिचं मोडता येत नाही." आणि गेला.

मी मॅग्नेटो सोडवून ठेवलाय. गाडी ढकलत रे रोडला नेली, चालू केली नाही. तू आलास की चार सुतांवर लावू, तोवर ती तशीच राहू दे. आवाजच नको वाटतो.

मावशी रोज म्हणते, मी जाते अँटॉप हिलला. मी म्हटलं, थांब, श्याम येऊ दे. मार्चमध्ये उतरलास की सामान गिरगावात टाक आणि लगेच ये. आपण तिघं जाऊ. माफी वगैरे मागायची नाही, राधावहिनीला ती नको असणार. दारात उभं राहायचं आणि वहिनीकडे पाणी मागायचं. ती देईल की दार लावेल, माहीत नाही. दार लावलं तर दुसऱ्या दिवशी परत जायचं.

तुझा
दत्ता